आमच्या घराची सरासरी उत्तम आहे

तीर्थरूप दादा यांस,

साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार वडीलकीला आहे, तुम्हाला नाही. वहिनींना वेगळा सांगावा, तो मात्र मनापासून आहे.) मी रागावले की तुम्हाला अहो-जाहो करते हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे, तेव्हा वरचं 'यांस' वाचूनच तुम्ही खुर्चीत सावरून बसला असाल. बसाच. तुमचे गुडघे कसे आहेत? डावा जास्त दुखतो की उजवा? की दोन्हींची सरासरी काढून मोकळे झालात? वहिनींचा खोकला थांबला का? कॉलेजातली तुमची डॉक्टर होणारी मुलं यंदा तरी संख्याशास्त्रात पास झाली का? झाली असतील तर मला त्यांच्या पेशंटांची काळजी वाटते.

बातमी अशी की माझं ब्लडप्रेशर वाढलेलं आहे. आजचं नाही, कित्येक महिन्यांचं. रोज सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर ते मोजलं जात होतं, आणि रोज सकाळी मला सांगितलं जात होतं की काळजी नको, घराचं प्रेशर उत्तम आहे. आता मला गोळी सुरू झाली आहे, मीठ जवळजवळ बंद आहे आणि जिना दमानं चढायचा आहे. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस असंच चाललं असतं तर डोक्यातली एखादी शीर फुटून हात-पाय लुळे पडले असते. हे सगळं कोणामुळे झालं, तर तुमच्यामुळे. कसं ते सांगते. मध्ये थांबून चहा पिऊ नका.

तुमचे मेहुणे पाणीखात्यातून निवृत्त झाले त्या दिवशीच्या समारंभाला तुम्ही आलात. बाकीच्यांनी शाल दिली, घड्याळ दिलं, कुणी कुणी बिनकामाचा फुलांचा गुच्छ दिला. तुम्ही दिलंत प्रेशर मोजायचं यंत्र. तेवढ्यावर थांबला असतात तरी मी तुम्हाला माफ केलं असतं. पण माईक हातात आला की तुम्हाला समोर वर्ग दिसतो. तुम्ही सांगितलंत की आरोग्याचं शास्त्र हे एकट्या-दुकट्या आकड्यावर चालत नाही. एकटा आकडा काहीच बोलत नाही, समूह बोलतो. मोजत राहा, मांडत राहा, सरासरी पाहा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना जेवायचं होतं. टाळ्या न वाजवता ऐकणारा माणूस तिथे एकच होता, आणि दुर्दैवानं तो माझ्या घरी राहतो.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे नोकरी पुन्हा सुरू झाली. सकाळी चहाच्या आधी सगळ्यांनी टेबलाशी ओळीनं बसायचं, पाय जमिनीला टेकवायचे, बोलायचं नाही. (बोलायचं नाही! गॅसवर दूध, तोंडाला कुलूप आणि दंडाला पट्टा.) सासूबाई, मुलगा, सूनबाई, मी, आणि शेवटी ते स्वतः. फ्रिजशेजारच्या भिंतीवर हा एवढा मोठा आलेखाचा कागद चिकटवला. त्यासाठी माझं कॅलेंडर काढलं, ज्यावर मी गॅस कधी लावला ते लिहीत असे. पहिल्या दिवसाचे वरचे आकडे मला अजून पाठ आहेत. सासूबाई अठ्ठ्याण्णव, सूनबाई एकशे चार, मुलगा एकशे अठरा, हे एकशे बावीस, आणि मी एकशे अडुसष्ट. यांनी पाचांची बेरीज केली, पाचानं भागलं, आणि चष्मा कपाळावर सरकवून जाहीर केलं की घराचं प्रेशर एकशे बावीस, एकदम ठणठणीत. यांचं स्वतःचंही नेमकं तेवढंच होतं. त्याचा यांना जो अभिमान वाटला तो मुलगा झाला तेव्हासुद्धा मी पाहिला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, इतका शहाणा माणूस असं कसं करेल? दादा, तुम्ही त्यांची नोकरी विसरलात. सारा जन्म त्यांनी गावाच्या पाण्याच्या टाक्या मोजल्या. टेकडीवरची, बाजारामागची आणि स्टेशनापलीकडची. तिन्ही टाक्या एकमेकींना नळांनी जोडलेल्या. एकीत जास्त झालं तर व्हॉल्व्ह फिरवायचा, दुसरीत सोडायचं, रोजची सरासरी काढून साहेबाला कळवायची. सरासरी बरी असली की गावाला पाणी मिळतं, हे त्यांनी आयुष्यभर डोळ्यांनी पाहिलं. त्यांच्या जागी ते बरोबरच होतं. पण माझं जास्तीचं रक्त काही नळानं सासूबाईंकडे जात नाही! हे मी त्यांना त्याच दिवशी, हातात कालथा असताना, स्पष्ट सांगितलं. त्यावर ते अगदी शांतपणे म्हणाले की तुझ्या दादांनी समूह बघायला सांगितलाय.

पुढे मिठाचा प्रयोग आला. मीठ कमी केलं की प्रेशर उतरतं असं त्यांनी कुठेतरी वाचलं. मी म्हटलं, मग माझं मीठ कमी करा, माझाच आकडा वर आहे. छे! तसं केलं तर म्हणे प्रयोगात पक्षपात होतो. घराचे दोन गट करायचे, एकाला मीठ, एकाला बिनमीठ, आणि कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकूनच ठरवायचं. (हा नियम तुम्हीच त्यांना फोनवर सांगितलात. नाही म्हणू नका, स्पीकर चालू होता.) चिठ्ठ्या निघाल्या. बिनमिठाच्या गटात कोण, तर अठ्ठ्याण्णववाल्या सासूबाई आणि एकशे चारवाली सूनबाई. मी मिठाच्या गटात. मी तुलनेसाठी आहे म्हणे! ज्या बाईंना उठून उभं राहिलं की चक्कर येते त्यांचं मीठ बंद आणि मला नेहमीसारखं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी माझ्या स्वयंपाकघरात रोज दोन वेळा वाढत होते. वर भाजीची दोन पातेली, आमटीची दोन, आणि दोन्ही पातेल्यांत चमचा चुकला तर माझा उद्धार.

सासूबाईंनी दोनच दिवस सोसलं. तिसऱ्या दिवसापासून त्या जेवताना वारंवार चष्मा पुसायला लागल्या. चष्म्याच्या डबीत मीठ होतं. बिनमिठाची भाजी त्या चवीनं खात होत्या आणि दिवसेंदिवस त्यांचं प्रेशर थोडं चढत होतं. त्यावरून आमचे शास्त्रज्ञ अशा निष्कर्षाला येत चालले होते की मीठ बंद केलं की प्रेशर वाढतं. तुम्हाला कळवायला कागद काढून बसले होते. तेवढ्यात डबी टेबलावर उपडी झाली, आणि ऐंशी ओलांडलेल्या आईला तिच्या मुलानं 'तू माझा नमुना बिघडवलास' असं म्हटलं.  त्या जेवण अर्धं टाकून उठल्या, पिशवी भरली आणि संध्याकाळी माझ्या नणंदेकडे निघून गेल्या.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घराचं प्रेशर एकशे अठ्ठावीस झालं. होणारच! पाचातून अठ्ठ्याण्णव गेले. कुणाचा एक थेंब इकडचा तिकडे झालेला नाही, फक्त म्हातारी बाई रुसून गेली. पण यांचा चेहरा बघवेना. त्यांनी तडक बहिणीला फोन लावला की आईला ताबडतोब पाठव, इथे घराचं प्रेशर वाढलंय. नणंदेनं त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. तिनं मला फोन करून विचारलं की वहिनी, एवढं भांडण तरी कशावरून झालं, आणि आईला आता मी मुळीच पाठवणार नाही. घरात भांडण नव्हतंच, तो फोन ठेवल्यावर झालं.

सासूबाई मिळेनात म्हटल्यावर यांनी वरच्या मजल्यावरच्या शिवणक्लासवाल्या बाईंना गाठलं. त्या सुतासारख्या बारीक आहेत आणि त्यांचं प्रेशर शंभराच्या आत असतं हे सगळ्या इमारतीला ठाऊक आहे, कारण त्या दुसरं काही सांगतच नाहीत. त्यांना रोज सकाळी आमच्याकडे चहाला बोलावण्यात आलं. का? तर त्यांचा आकडा मिळवला की आमच्या घराची सरासरी खाली येते. दादा, जरा डोळ्यांसमोर आणा. मी डोकं धरून चहा करते आहे, परकी बाई माझ्या खुर्चीत दंड उघडा करून बसली आहे, तिला साखर कमी लागते, बिस्किटं मात्र जास्त लागतात, आणि तिच्यामुळे माझं प्रेशर उत्तम होतं आहे. (बाई चांगल्या आहेत. राग त्यांच्यावर नाही. पण बिस्किटं त्या भिजवून खातात आणि अर्धं कपात पडतं.)

इथवर मी हसण्यावारी नेलं, तुम्हीही हसत असाल. आता हसणं थांबवा. एका सकाळी माझा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर आला. यांनी पट्टा काढून पुन्हा लावला, तरी तेवढाच. त्या दिवशी यांनी तुम्हाला फोन केला. तुम्ही घाईत होतात, परीक्षेचे पेपर तपासायचे होते. यांनी विचारलं की एक आकडा सारखा सगळ्यांपेक्षा फार वर येतोय आणि सरासरी बिघडवतोय, काय करावं? तुम्ही म्हणालात, त्याला आउटलायर म्हणतात, मोजण्यात चूक असेल, तो बाजूला ठेवून पाहा. आणि फोन ठेवलात. दादा, तुम्ही शास्त्र बरोबर सांगितलं असेल. उंटावरून शेळ्या हाकायला शास्त्र लागतंच. पण आकडा कोणाचा, एवढं तुम्ही विचारलं नाहीत. त्या घरात तुमची बहीण राहते हे तुम्हाला माहीत होतं. पाच माणसांतला एक आकडा म्हणजे कोणीतरी माणूस असणार, एवढं सुचायला कुठलं कॉलेज लागतं?

त्या दिवसापासून मला बाजूला ठेवण्यात आलं. मोजत होते रोज, पण मांडत नव्हते. आलेखावरची माझी लाल रेघ खोडरबरानं पुसली. मग रेघा कशा छान एकमेकींना धरून चालू लागल्या! या घरात लग्न होऊन आल्यापासून पहाटेचं दूध मी घेतलं, रात्रीचं कुलूप मी लावलं, यांच्या आईची पथ्यं मी सांभाळली, आणि घराचा हिशेब मांडायच्या वेळी मी तेवढी घरात धरायची नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तिथेच राहिली असणार, कारण त्यानंतर डोकं रोजच दुखायला लागलं. मागून, मानेच्या वर. कानात शिट्टी वाजल्यासारखं व्हायचं, मी दोनदा कुकर समजून गॅस बंद करायला गेले. हे म्हणायचे चष्म्याचा नंबर वाढला असेल. मीही म्हणायची, तुम्ही मोजायला बसलात की मला राग येतो म्हणून आकडा चढतो, एरवी मी धडधाकट आहे. तेही खरं होतं. यांनी पट्टा आवळला की मला रागच येतो.

शेवटी माझा जीव वाचवला तो किडलेल्या दाढेनं. ती काढायला गेले. दातांच्या डॉक्टरीणबाई इंजेक्शनच्या आधी प्रेशर बघतात. त्यांनी पाहिलं, मला पाच-दहा मिनिटं पडून राहायला सांगितलं, पुन्हा पाहिलं आणि हातातला चिमटा खाली ठेवला. म्हणाल्या, दाढ नंतर, आधी मोठ्या डॉक्टरांकडे जा, आत्ता जा, रिक्षा करून जा. यांना बोलावून घेतलं. हे आले ते आलेखाची गुंडाळी काखेत घेऊन. मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही दंडांवर मोजलं, डोळ्यांत बॅटरी मारली, किती दिवस डोकं दुखतंय विचारलं. यांनी गुंडाळी उलगडली आणि अभिमानानं सांगितलं की आमच्याकडे रोज मोजतो, घराची सरासरी एकशे अकराच्या वर नाही. (शिवणक्लासवाल्या बाई धरून.) डॉक्टरांनी आलेख नीट पाहिला. मग विचारलं, "यात या बाईंची रेघ कुठली?"

यांनी आलेख पुन्हा गुंडाळायला घेतला.

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. चिठ्ठी लिहिता लिहिता एवढंच म्हणाले, "काका, मी घराला गोळी देऊ शकत नाही. गोळी एकेकाला द्यावी लागते." येताना रिक्षात हे आलेख गुडघ्यांवर धरून बसले होते आणि मी माझ्या दाढेवर हात धरून. घरी आल्यावर मी जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. शिवणक्लासवाल्या बाईंनी वरून ऐकलं असेल, त्या दुसऱ्या दिवशी चहाला आल्या नाहीत.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. तुम्ही स्वतः येऊन तुमचं ते यंत्र उचलून न्यावं. तुमच्या कॉलेजात ठेवा, मुलांना दाखवा, खाली पाटी लावा की याच्यावर एक बहीण जाता जाता राहिली. तुम्ही तुमच्या मेहुण्यांशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, यापुढे गुडघे आणि हवापाणी सोडून कशावरही बोलू नये. आणि पुन्हा कधी कुणी फोनवर सांगितलं की एक आकडा फार वर येतोय, तर पहिल्यांदा त्याचं नाव विचारावं, मग वय, मग तो जेवला का ते. शास्त्र त्यानंतर सांगावं.

कळावे. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवण्याचे कष्ट घेऊ नयेत.

आपली
आकड्यांतून वगळलेली धाकटी बहीण

ता. क. : यंत्र न्यायला घाईनं येऊ नका. ते सापडत नाही. म्हणजे सापडतं, पण माळ्यावर, जुन्या सतरंजीत गुंडाळून, दोरीनं बांधून ठेवलेलं. मी ठेवलं नाही, यांनी ठेवलं. आलेखही काढला, भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिलाय. मी तिथे कॅलेंडर परत लावलं, ते काही तो पुरता झाकत नाही. सासूबाई परत आल्यात. परवा त्यांनी आपण होऊन दंड पुढे केला, तर हे उठून बाल्कनीत गेले. सकाळी मोजायच्या वेळी टेबलाशी येऊन बसतात, चहा निवतो. माझ्यासोबत बिनमिठाचं जेवतात, मिठाची वाटी पुढे केली तरी घेत नाहीत. काल मी मुद्दाम भांडण काढलं, दूध उतू गेलं ते तुमच्यामुळे म्हणून. ते "हो" म्हणाले. दादा, लग्न झाल्यापासून त्यांनी मला भांडणात कधी 'हो' म्हटलेलं नाही. मला घरात फार भीती वाटते.

ता. क. दुसरा, हा कुणाला दाखवू नकोस : डॉक्टरांनी सांगितलंय की घरीच सकाळ-संध्याकाळ मोजायचं, एकेक आकड्यावर जायचं नाही, आठवड्याची सरासरी काढून आणायची. माझी एकटीची. एका माणसाचीही सरासरी असते हे मला कुठे ठाऊक होतं! सूनबाई शेजारणीचं यंत्र आणून मोजते, बिचारी कामावर जायच्या गडबडीत असते, "छान आहे आई" म्हणते आणि पळते. छान म्हणजे किती ते सांगत नाही. तर तू यांना पत्र लिही. मी सांगितलं म्हणून नाही, आपण होऊन, शास्त्री माणसानं शास्त्री माणसाला लिहावं तसं. म्हणावं, सरासरी काढायची तुमची रीत चुकलेली नव्हती, मेहुणे. फक्त इथे टाकी एकच आहे. तिची पातळी रोज घ्यायची, रोज मांडायची, कुठलाही आकडा पुसायचा नाही. आणि दोष निम्मा माझा आहे असंही लिही, तो आहेच. माळ्यावरचं काढायला ते स्टुलावर चढले की स्टूल मी धरीन.

आणि एक. सूनबाईनं मोजलं की आकडा खाली येतो. यांनी मोजलं की राग येऊन दहा-पंधरानं चढतो, हे मला पक्कं माहीत आहे. चढू दे. तेवढे वजा कसे करायचे, ते त्यांना शिकव.